कापडावरचा श्वास

यंत्र चुकतंय, असं इंद्रजित म्हणाला तेव्हा वृषाली आवटीला खरं तर बरंच वाटलं.

तिचं यंत्रांशी वाकडं नव्हतं. पण उभी हयात रक्ताचे डाग वाचण्यात घालवलेल्या बाईकडे पुण्याहून कुणी एक पेटी घेऊन येतो आणि 'आता हे सगळं आपोआप होईल' म्हणतो, तेव्हा कुणालाही जे वाटेल तेच तिला वाटलं होतं. इंद्रजित वाघचौरे तसा भला माणूस. चाळिशीला आलेला, शंका विचारताना न लाजणारा, आणि मॅडमना लागू नये म्हणून आपल्या यंत्राची बढाई जरा हळू आवाजात मारणारा. मारायचा मात्र रोज.

"किती ठिकाणी चुकतंय?" तिनं विचारलं.

"एकाच. बाकीचे सगळे नमुने बरोबर ओळखले. हा एवढा एक काही केल्या ऐकत नाही."

"एखादी चूक व्हायचीच की. माणसाकडून होते," वृषाली म्हणाली. तिनं त्याच्यासाठीही चहा सांगितला. मनातून ती खुशीत होती.

मिरजेबाहेरच्या माळावरचं हे प्रशिक्षण केंद्र. राज्यभरातले पोलीस अधिकारी आणि प्रयोगशाळांतली माणसं इथं येऊन राहत आणि रक्त वाचायला शिकत. भिंतींना पांढरे पुठ्ठे लावलेल्या खोल्या, खाटकाकडून आणलेलं बकऱ्याचं रक्त, ते प्यायलेला स्पंज आणि त्यावर मारायचा हातोडा, असा सगळा सरंजाम. नवी तुकडी पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावायची. आठवडा संपायच्या आत तीच मंडळी रक्ताळलेले कोट खुंटीला अडकवून निवांत पोहे खायची.

शास्त्र ऐकायला सोपं होतं. थेंब सरळ पडला तर डाग गोल होतो, तिरका आला तर लांबट. डागाची लांबी-रुंदी मोजली की थेंब कोणत्या कोनातून आला ते कळतं. प्रत्येक डागापासून त्या कोनात दोरा ताणायचा. सगळे दोरे हवेत जिथं एकमेकांजवळ येतात तिथून रक्त उडालेलं असतं. कुठून उडालं, याचं उत्तर असं मिळतं. कसं उडालं, हे जास्त अवघड. जखमेतून ठिबकलेले थेंब मोठे असतात. फटक्यानं उडालेले बारीक असतात. आणि नाका-तोंडातून, खोकल्याबरोबर, श्वासाबरोबर आलेले, तेही बारीकच. खरी मेख इथं होती. फटक्याचा शिडकावा आणि श्वासाचा शिडकावा दिसायला सख्खी भावंडं. एक सांगतो की समोरच्या माणसानं मारलं. दुसरा सांगतो की समोरच्या माणसानं धरलं होतं.

दोन्हींतला फरक ओळखायची एक जुनी खूण होती. श्वासातल्या रक्तात हवेचे बुडबुडे असतात. ते वाळून फुटले की डागात केसाएवढी कडी उरते. कडी दिसली तर श्वास, नाही दिसली तर फटका. वृषालीच्या गुरूंनी, धोंड सरांनी, तिला हे शिकवलं होतं, आणि तिनं दर तुकडीला तेच शिकवलं.

इंद्रजितचं यंत्र कडी शोधत नव्हतं. फुप्फुसाच्या आत साबणाच्या पाण्यासारखा एक पातळ थर असतो. तो असतो म्हणून श्वास सोडल्यावर फुप्फुस आतल्या आत चिकटून बसत नाही. फुप्फुसातून वर आलेल्या रक्ताच्या थेंबाला त्या थराचा अंश लागलेला असतो. नेहमीच्या चाचणीत तो सापडत नाही, पण ठरावीक प्रकाशाखाली तो वेगळा चमकतो, आणि डाग वाळून वर्षं लोटली तरी चमकतो. यंत्र एकेक थेंब असा तपासायचं. वर थेंबांचा क्रमही लावायचं, कारण धाग्यात आधी मुरलेल्या थेंबावर मागाहून आलेला थेंब निराळ्या तऱ्हेनं वाळतो. मग खोकल्याचा झोत कुठला, उसासा कुठला, बोलणं कुठलं, हे वेगळं काढता यायचं. इंद्रजितनं त्याला 'श्वासवेध' असं नाव ठेवलं होतं. मान्यता मिळण्याआधी यंत्राची परीक्षा व्हायची होती, आणि त्यासाठी केंद्रातले जुने नमुने त्यानं घेतले होते. न्यायालयात निकाल लागून गेलेले, ज्यांचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे असे.

"कुठला नमुना अडला?" वृषालीनं बशीत चहा ओतत विचारलं.

"कापड नऊ. निळ्या चौकड्यांचा शर्ट. तुम्ही वर्गात दाखवता तो."

वृषालीनं बशी तशीच खाली ठेवली.

"यंत्र म्हणतं, श्वास आहे," इंद्रजित सांगत होता. "नुसता श्वास नाही, बोलणं. मी चार वेळा करून बघितलं. जुना नमुना आहे, काहीतरी मिसळलं असणार. मला विचाराल तर मान्यतेच्या समितीपुढे जायच्या आत तो काढूनच टाकू या. नाहीतर यंत्राला पुन्हा शिकवावं लागेल, की बाबा रे, कापडावर असं दिसलं तर फटका म्हण."

कापड नऊ कुणाच्या अंगावरचं होतं, हे केंद्रात फक्त वृषालीला माहीत होतं. ते तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं होतं. आणि त्यावरचं रक्त मेघनाचं, तिच्या बहिणीचं.

सोळा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या साफसफाईत, सांगलीच्या घरी मेघना गेली. शिडीवर चढून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढताना ती ट्रंकेसकट खाली आली, असं सुहास मगदूमचं म्हणणं होतं. त्यानं तिला मांडीवर घेतलं, ती त्याच्याशी बोलली आणि गेली. सरकारी पक्षाचं म्हणणं वेगळं होतं. सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. खोलीचं दार आतून लावलेलं होतं, त्यांची सहा वर्षांची मुलगी पमी बाहेरून ते बडवत होती. आणि सुहासच्या शर्टावर छातीपासून गळ्यापर्यंत बारीक शिडकावा होता. समोर उभं राहून ट्रंकेच्या कोपऱ्यानं घाव घातल्याशिवाय तो तिथं येत नाही, असं धोंड सरांनी साक्षीत सांगितलं.

नात्यामुळे वृषालीला त्या खटल्यात हात घालता येत नव्हता. पण सरांनी तिला एके दिवशी प्रयोगशाळेत बोलावून घेतलं होतं. "एकदा स्वतः बघून घे," ते म्हणाले होते, "जन्मभर मनात शंका नको." त्यांनी मायेनंच म्हटलं होतं. वृषालीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कड्या शोधल्या. शोधताना तिचा हात थरथरत नव्हता, याचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता. एकही कडी नव्हती. "फटकाच आहे, सर," ती म्हणाली.

सुहासला जन्मठेप झाली. पमीला वृषालीनं मिरजेला आणलं. लग्न केलेलं नव्हतंच. ही पोर हाच तिचा संसार झाला. निकालानंतर शर्ट शिकवण्याचा नमुना म्हणून केंद्रात आला, तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला ती तयार झाली नाही. दर तुकडीला ती स्वतः तो पडद्यावर दाखवायची. "कडी दिसते का?" ती विचारायची. "नाही," वर्ग म्हणायचा. "म्हणजे?" आणि वर्ग एका सुरात म्हणायचा, "फटका." त्या एका शब्दानं तिच्या छातीतलं काहीतरी दर वेळी थोडं शांत व्हायचं. रडत बसण्यापेक्षा हे बरं, असं ती स्वतःला सांगायची.

आता समोरचा चहा निवून त्यावर साय धरली होती.

इंद्रजितला होकार देणं किती सोपं होतं. त्याला काही माहीत नव्हतं, सर हयात नव्हते, नमुना काढून टाकायला कुणी हरकत घेतली नसती. आणि लपवायचं कशाला, चहाची बशी बाजूला सारेपर्यंत वृषालीनं मनोमन तसं ठरवूनही टाकलं होतं. सोळा वर्षं जो राग उशाशी घेऊन ती झोपली तो खोटा निघाला तर हातात काय उरणार, या विचारानं ती घाबरली होती. पमीला काय सांगणार, या विचारानं त्याहून जास्त.

पण मग इंद्रजितचं बोलणं तिच्या डोक्यात घोळायला लागलं. कापडावर असं दिसलं तर फटका म्हण. यंत्राला शिकवायचं तेच तिनं माणसांना शिकवलं होतं. तिच्या हाताखालून गेलेल्या लोकांनी राज्यभर किती शर्ट, किती साड्या, किती चादरी वाचल्या असतील? ते कपडे ज्यांचे होते, त्यांतल्या किती जणांनी समोरच्याला मारलं होतं, आणि किती जणांनी नुसतं धरलं होतं?

"काढू नका तो नमुना," ती उठत म्हणाली. "उद्या माझं थोडं रक्त लागेल. आणि जुन्या पद्धतीचा सुती चौकड्यांचा शर्ट कुठं मिळतो का बघा."

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या नर्सकडून तिनं दंडातून रक्त काढून घेतलं. पुठ्ठ्यांच्या खोलीत एका बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला, दुसऱ्या बाजूला शर्टाचं कापड ताणून बसवलं. मग रक्ताचा घोट तोंडात धरून ती आधी पुठ्ठ्यावर खोकली, आणि नंतर कापडावर. चव लोखंडाची होती.

वाळल्यावर तिनं दोन्ही तपासले. पुठ्ठ्यावर कड्याच कड्या होत्या, वर्गात दाखवाव्या इतक्या सुरेख. कापडावर एकही नव्हती. सुती धाग्यानं थेंब बुडबुड्यासकट पिऊन टाकला होता. तिनं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच.

किती साधी गोष्ट. पुठ्ठ्यावर डाग स्वच्छ दिसतो, मोजायला सोपा पडतो, फोटो छान येतो, म्हणून सगळे पुठ्ठ्यावर शिकले. काचेवर केलं, फरशीवर केलं. कापडावर रक्त पसरतं, घोळ होतो, म्हणून कापड कुणी घेतलं नाही. आणि मग पुठ्ठ्यावर शिकलेला नियम त्यांनी माणसांच्या कपड्यांना लावला. माणसं काय पुठ्ठे घालून हिंडतात? धोंड सरांसारख्या माणसाच्या हे ध्यानात आलं नाही. तिच्याही आलं नाही, कारण ते यावं असं तिला वाटतच नव्हतं. बहीण गेली होती आणि कुणीतरी गुन्हेगार हवा होता.

वृषाली भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडावरचं रक्तही न पुसता रडली.

सावरल्यावर तिनं इंद्रजितला बोलावलं. "यंत्र म्हणतं, ती बोलत होती. काय बोलली ते सांगेल?"

"शब्द नाही सांगणार," इंद्रजित म्हणाला. तिच्या तोंडाकडे बघून तो गडबडला होता. "ओठ सांगेल. 'प' म्हणा, 'ब' म्हणा, आधी ओठ मिटतात, मागे हवा दाटते आणि सुटली की थेंब लांब जातात. 'म'ला हवा नाकातून निसटते, थेंब थोडेच उडतात. बाकी वेळ तोंड उघडं, नुसता फवारा. तेव्हा वाक्य त्यातून काढता येत नाही. पण तुम्ही एखादं वाक्य दिलंत, तर ते या डागात बसतं की नाही, एवढं तपासता येईल."

वृषालीनं कापडाचे निरनिराळे तुकडे घेतले आणि प्रत्येकावर, तोंडात आपलंच रक्त धरून, एकेक वाक्य म्हटलं. मला मारू नका. पाणी द्या. डॉक्टरांना बोलवा. अजून काही. आणि त्यांत एक, जे सुहासनं न्यायालयात शपथेवर सांगितलं होतं. तेव्हा सरकारी वकील हसून म्हणाले होते की, जीव जाताना बाई असलं काही बोलते होय? मागच्या बाकावर बसलेल्या वृषालीलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. मरणाऱ्या माणसानं काय बोलावं हे जणू सगळ्यांना ठाऊकच होतं.

कुठल्या तुकड्यावर कुठलं वाक्य, हे इंद्रजितला सांगितलेलं नव्हतं. फुप्फुसाची खूण तिच्या रक्तात असणार नव्हती, ओठांची असणार होती. यंत्र बराच वेळ गुरगुरत राहिलं. मग त्यानं एक तुकडा उचलून कापड नऊच्या शेजारी बसवला. दोन्हींच्या रेघा पडद्यावर एकमेकींवर ठेवल्या तेव्हा त्या एकाच बाईच्या असाव्यात इतक्या जुळल्या. बहिणी होत्या त्या. ओठांची ठेवण एकच होती.

"हे वाक्य तुम्हाला कुठून मिळालं, मॅडम?" इंद्रजितनं विचारलं.

"आरोपीनं सांगितलं होतं."

"कोण आरोपी?"

"माझ्या बहिणीचा नवरा," वृषाली म्हणाली. "अजून आत आहे. माफीचा अर्ज कर, लवकर सुटशील, असं लोकांनी सांगितलं त्याला. पण माफी मागायची तर गुन्हा कबूल करायला लागेल, म्हणून त्यानं अर्जच केला नाही."

इंद्रजित खुर्चीवर बसला. यंत्राची बढाई मारायची त्याला त्या दिवशी आठवण झाली नाही.

"अहवाल आपण दोघांच्या सहीनं पाठवू," वृषाली म्हणाली. "त्यात माझं नाव नीट लिहा. शर्ट मीही वाचला होता आणि चुकीचा वाचला होता, असं. पण दोन दिवस थांबा. आधी मला घरी बोलायचंय."

पमीचं खरं नाव पद्मिनी. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. वृषाली घरी पोचली तेव्हा ती स्वयंपाकघरात गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. वृषाली तिच्या समोर बसली आणि दोन शेंगा उचलून तीही मोडायला लागली. सुरुवात कशी करावी हे तिला कळेना.

"पमी, तो शर्ट. मी तुला दाखवला होता तो."

पमीनं मान वर केली. अठरा वर्षांची झाली तेव्हा तिनं मावशीला विचारलं होतं की, पप्पांनीच केलं हे नक्की कशावरून. आणि वृषालीनं, तिला ती आता मोठी झालीय असं वाटून, शर्टाचे फोटो टेबलावर मांडले होते. हातात पेन्सिल घेऊन, वर्गात शिकवायची तसं, एकेक थेंब दाखवून शिकवलं होतं. हा बघ, हा असा आला. म्हणजे ती इथं होती, तो इथं. त्या दिवसापासून पमीनं वडिलांचा विषय काढला नव्हता. तुरुंगातून भेटीसाठी विचारणा आली की ती नको म्हणायची.

"तो मी चुकीचा वाचला," वृषाली म्हणाली. "त्यावर फटक्याचा एकही थेंब नाही. आईला कुणी मारलं नव्हतं. ती पडली होती. तिच्या छातीत रक्त झालं होतं आणि पप्पांनी तिला धरलं होतं. ती त्यांच्याशी बोलत होती, ते रक्त आहे ते."

पमीच्या हातातली शेंग मोडायची राहिली.

"काय बोलत होती?"

वाटेत वृषालीनं ठरवलं होतं की काही म्हणजे काही लपवायचं नाही. तरी ते वाक्य ओठांपर्यंत यायला वेळ लागला. "म्हणाली, अहो, पमीला बघू देऊ नका."

कुकरची वाफ आपोआप निवली.

"म्हणून दार लावलं," पमी म्हणाली.

"हो."

"कोर्टात एका बाईंनी मला मांडीवर घेऊन विचारलं होतं. पप्पांनी काय केलं गं? मी सांगितलं, पप्पांनी माझ्या तोंडावर दार लावलं."

"तू सहा वर्षांची होतीस. झालं ते सांगितलंस. त्यात तुझी काही चूक नाही, पमी."

"आई असं म्हणाली, हे पप्पांनी तेव्हा सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

"कोर्टात. सगळ्यांदेखत."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मला ते खोटं वाटलं."

"मला वाटलं असतं की नसतं, ते मला ठरवू द्यायचं होतंस की." पमीचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर वृषालीला सोसलं असतं. "शर्ट तेवढा दाखवलास मावशी. वाक्य नाही सांगितलंस."

वृषालीनं हात पुढे केला, पमीनं आपले हात परकराच्या ओच्यात धरावेत तसे ओढणीत गुंडाळून घेतले. मग उठून तिनं शेंगा तशाच फ्रीजमध्ये ठेवल्या आणि दाराशी जाऊन, पाठमोरीच म्हणाली, "मला त्यांच्याकडे ने."

भेटीची परवानगी मिळाली. कारागृहात मधे काच होती आणि काचेला बोलायची जाळी. पलीकडे येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला वृषालीनं आधी ओळखलंच नाही. सुहास अंगानं भरलेला होता, मोठ्यानं हसायचा. हा माणूस वाळलेला, केस पांढरे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं पमीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, जास्त बघितलं तर ती जाईल असं वाटल्यासारखी. मग सवयीनं तो वृषालीला म्हणाला, "बसा की, ताई."

ती बसली नाही. "सुहासराव, यंत्राच्या तपासणीत सगळं निघालंय. मेघना बोलत होती. तुम्ही सांगितलं तेच बोलत होती. अहवाल कोर्टात जाईल, आता फार दिवस लागणार नाहीत."

सुहासनं मान हलवली. वकिलाकडून त्याला ते कळलं असावं. "पोरीला चांगलं मोठं केलंत," तो म्हणाला. "मला इथं तेवढाच आधार होता. ताईंकडे आहे म्हणजे काळजी नाही."

"तुम्ही असं बोलू नका. तो शर्ट मी वाचला होता."

"सरांनी वाचला होता, धोंड सरांनी."

"मी पण. निकालाच्या आधी. सरांनी मला बोलावून दाखवला. मी पण फटकाच म्हणाले."

सुहासच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. "मी असं धरून चाललो होतो," तो हळूहळू म्हणाला, "की तुम्हाला तो दाखवलाच नसणार. नात्यातल्या म्हणून. तुम्ही बघितला असता तर तुम्हाला कळलं असतं, असं वाटायचं. यावरच मी इतकी वर्षं..." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

वृषालीला माफी मागायची होती. ती मागायचा सुद्धा आपल्याला अधिकार उरलेला नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

सुहास पमीकडे वळला. सोळा वर्षांत पहिल्यांदा लेक समोर उभी होती, आणि त्याच्या तोंडून आधी कुशल नाही, तक्रार नाही, हेच आलं: "बाळ, त्या दिवशी तुला काही दिसलं तर नाही ना?"

पमीनं त्या शर्टावरचा थेंब न् थेंब पाहिला होता. कुठला थेंब कुठून आला, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती.

"नाही पप्पा," ती म्हणाली. "दार लावलेलं होतं."

"बरं झालं," सुहास म्हणाला, आणि काचेला कपाळ टेकून रडायला लागला. पमीनं अलीकडून काचेवर हात ठेवला. शिपाई वेळ संपल्याचं सांगायला पुढे आला होता, तो तसाच मागे सरकला.

बाहेर आल्यावर पमी गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. लहानपणापासून ती पुढेच बसायची. वृषालीनं पुढे ये असं म्हटलं नाही. आपोआप चालणाऱ्या गाडीला मिरजेचा पत्ता सांगितला आणि हात मांडीवर ठेवून ती समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

"पप्पा सुटले की मी त्यांच्याबरोबर राहणार," बऱ्याच वेळानं पमी म्हणाली. "सांगलीतच बघू खोली. तू लगेच येऊ नकोस मावशी. मी बोलावेन."

"बरं."

"बोलावेन की नाही, ते पण आत्ता सांगता येत नाही."

"बरं," वृषाली पुन्हा म्हणाली.

ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, गाडी त्यांच्या मागे रांगत चालली. पमी खिडकीबाहेर बघत होती. मग लहान असताना काहीबाही विचारायची त्या सुरात, नकळत आल्यासारखी ती म्हणाली, "ओठ कधी मिटले ते यंत्राला कळलं. आईचा आवाज कसा होता गं? मला आठवत नाही. जाड होता की तुझ्यासारखा?"

"सांगते," वृषाली म्हणाली.

तिनं डोळे मिटून आठवायला घेतलं. मेघना तिला हाक मारायची, अंगणातून, जिन्यातून, फोनवर. तिला शर्ट आठवला. त्यावरचा एकेक थेंब आठवला, गळ्याजवळचे बारीक, खिशावरचे मोठे. तिनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा थेंबच आले. बहिणीचं रक्त तिनं इतकी वर्षं इतक्यांदा पाहिलं होतं, की बहिणीचा आवाज तिच्याकडून कधी गेला, तिला कळलंही नव्हतं.

"सांग ना," मागून पमी म्हणाली.